अंतिम पैसेवारी

वडीगोद्रीच्या वाचनालयातलं कुठलंही पुस्तक घेऊन शेवटचं पान उघडलं, की खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेले तीन आकडे दिसायचे. न. ४५, सु. ४०, अं. ३८. त्याखाली बे. ख. एवढंच. नवा सभासद विचारायचा, हे काय आहे? जुना सांगायचा, ही तलाठीबाईंची पैसेवारी.

बेबीनंदा खरात तेहतीस वर्षं तलाठी होत्या. त्यातली शेवटची अकरा वडीगोद्रीत गेली, आणि निवृत्तीनंतर त्या तिथंच राहिल्या. नवरा आधीच वारला होता, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. सरकार पिकाची पैसेवारी तीनदा काढतं. पीक उभं असतं तेव्हा नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि सुगी झाल्यावर अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेलं की गाव दुष्काळात धरतात. बाईंना पुस्तक जोखायची दुसरी रीत ठाऊकच नव्हती. तीस पानं झाली की नजर, निम्मं झालं की सुधारित, आणि पुस्तक मिटताना अंतिम.

त्यांचे नियम कडक होते. प्रस्तावना त्या वाचत नसत, कारण शेतकऱ्याच्या व्याह्याला विचारून कुणी पैसेवारी लावत नाही. मागच्या पानावर लेखकाचा हनुवटीला हात लावलेला फोटो असला की पाच पैसे कमी. वाचणाऱ्याला रडवायला म्हणून कुणाची आई मारली, तर दहा कमी. पंच्याहत्तरच्या वर बावीस वर्षांत एकही पुस्तक गेलं नव्हतं. आणि आपल्या समाजातल्या माणसानं लिहिलेलं असलं, विहारातल्या कार्यक्रमात ज्याला टाळ्या पडल्या असं असलं, तर त्या आणखी घट्ट हातानं मोजायच्या. म्हणायच्या, आपल्या माणसाला सूट दिली की तो बिघडतो. यावरून त्यांचं बऱ्याच जणांशी वाकडं झालं होतं. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे.

'चारी नंबर सात' नावाची कादंबरी वाचनालयात दोन वर्षं पडून होती. अंबडला राहणाऱ्या संपत जिगे नावाच्या मास्तरानं ती लिहिली होती. कालव्यातून फुटलेल्या चारीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावाचं पाणी वरच्या गावातला एक पुढारी कसा वळवतो, अशी गोष्ट होती. दोन वर्षं कुणाला तिचं काही नव्हतं. यंदा मार्चमध्ये कुणीतरी बाविसाव्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. त्या पानावर पुढाऱ्याची माणसं चारीचं गेट तोडतात, आणि आडवी आलेल्या एका बाईला चिखलात ढकलून देतात. पुढाऱ्याचं नाव बदललेलं होतं. पण त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली पडलेली दाखवली होती, आणि या भागात तशी पापणी एकाच माणसाची होती. तो माणूस म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. ते वारून पाच वर्षं झाली होती. त्यांच्या नातवानं निरोप धाडला की पुस्तक दिसेल तिथून काढा. वाचनालयाचा वरचा मजला त्याच घरानं बांधून दिला होता.

रामराव लहाने वाचनालयाचे सचिव. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी बाईंच्या घरी आले. बाई ओट्यावर तुरीची डाळ निवडत होत्या. रामरावांनी खुर्ची ओढली आणि मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यावर 'चारी नंबर सात'च्या शेवटच्या पानाचा फोटो होता.

"बाई, हे अक्षर तुमचंच ना?"

बाईंनी चष्मा सारखा केला. "माझंच हाय."

"बारा पैसे."

"बाराच."

"मंग झालं की." रामराव मागं रेलले. "आपल्याला काही कुणाच्या दबावात करायचं न्हाई. गावातला सगळ्यात जाणता वाचक म्हणून राह्यला की पुस्तक बेकार हाय. तेवढंच लिहून द्या. दर्जाहीन हाय, वाचनालयात ठिवण्यासारखं न्हाई. सही करा, बाकी मी पाहतो."

"तुमी वाचलं का?"

"मला कुठं येळ हाय, बाई."

"फोटो बराबर न्हाई काढला." बाई डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाल्या. "वरचे दोन आकडे कापून टाकले तुमी."

"अंतिम तेच खरं ना?"

"नजर साठ हाय. साठ मी वर्षाकाठी चार पुस्तकांना देत न्हाई. पहिली तीस पानं त्या मास्तरानं खरी लिहिली. मंग त्याला भाषण करायची हौस आली, आन् पुढची दोनशे पानं त्यानं भाषणच केलं. म्हणून बारा. तुमचं बाविसावं पान साठातलं हाय, रामराव. तुमाला जे काढून टाकायचं, ते त्या पुस्तकात एकटं बरं लिहिलेलं हाय."

रामरावांचं हसू गेलं. "खरं म्हणता, म्हंजी पाणी चोरलं म्हणता? तवा हितं तलाठी तुमीच होत्या. काय केलं तुमी?"

"कालवा माझ्याकडं न्हवता. सातबाऱ्यावर टोकाच्या रानाला बागायत लावा, पाणी पोचलं असं दिसू द्या म्हणून माणूस आल्ता. मी जिरायत लावलं. मंग घरी येऊन शिव्या देऊन गेल्ता. तुमच्या ओळखीचाच होता."

रामरावांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, "सही देता का न्हाई?"

"पैसेवारी बारा लागली म्हणून कुणाचं रान जप्त झालेलं पाहिलं का तुमी? उलट शेतसारा माफ होतो."

"हे पुस्तक हाय. रान न्हाई."

"मंग माझा आकडा घेऊन कायले आले?"

रामराव उठले. फाटकापाशी थांबून म्हणाले, "तुमची सही नसली तरी अक्षर हाय. अक्षरावर भागंल आमचं."

आणि भागलंच. रविवारी दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावर संचालक मंडळाची बैठक भरली. सात संचालक होते. बाईंना 'निमंत्रित ज्येष्ठ सभासद' म्हणून बोलावलं होतं, आणि भिंतीकडची खुर्ची दिली होती. सभापतींचा नातू मागच्या बाकावर मोबाइल बघत बसला होता. ग्रंथपाल फकरोद्दीन शेख यांनी चहा आणला आणि ते दाराशी उभे राहिले. बावीस वर्षं त्यांनीच बाईंना पुस्तकं काढून दिली होती, आणि बाई त्यांना फकरूभाई म्हणत.

रामरावांनी ठराव वाचला. कागदावरची भाषा त्यांना जड जात होती. "संस्थेच्या ज्येष्ठ सभासद श्रीमती बेबीनंदा खरात यांनी सदर पुस्तकास अवघे बारा पैसे इतके मूल्यांकन दिलेले असून, सदर पुस्तक वाचकांच्या अभिरुचीस घातक असल्याचे निष्पन्न होत आहे. सबब सदर पुस्तक देवघेवीतून बंद करून कपाटात कुलूपबंद ठेवण्यात यावे."

"माझं नाव काढा," बाई म्हणाल्या.

"निघत न्हाई. पुराव्यात हाय ते."

"मंग आणखी एक गोष्ट इतिवृत्तात घ्या. सात जणांत पुस्तक कुणी कुणी वाचलं ते लिहा. मी विचारते. तुमी वाचलं?" त्यांनी पहिल्या संचालकाला विचारलं. तो रामरावांकडं बघू लागला. दुसऱ्यानं एक पान वाचलं होतं, मोबाइलवर. तिसऱ्यानंही तेच पान. चौथा एक निवृत्त कंपाउंडर होता. त्यानं चाळीस पानांपर्यंत वाचलं होतं. तो म्हणाला, पुढं कंटाळा आला. पाचव्यानं उलट टोमणा मारला. म्हणाला, "बाई, तुमी काय आता साहित्याच्या तहसीलदार झाल्या का?"

सगळे हसले. बाई हसणं संपेपर्यंत थांबल्या. "तलाठीच हाय. पण मी शेतात न जाता कधी पंचनामा केला न्हाई. तुमच्यातला एक सोडला तर कुणी बांधावरूनसुद्धा पाहून न्हाई आलं."

"शब्द जपून वापरा," रामराव म्हणाले.

तेव्हा मागच्या बाकावरचा नातू पहिल्यांदा बोलला. तो जालन्यात शिकलेला, बोलणं साफ. "काकू, एक सांगा. तुम्हाला आवडलं का ते पुस्तक?"

"न्हाई."

"मग भांडता कशासाठी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"मला आवडलं न्हाई, ते माझं माझ्यापाशी हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या न आवडण्याचं कुलूप करून दुसऱ्याच्या दाराला लावू नका."

"छान बोलता," नातू म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागला.

सहा हात वर गेले. कंपाउंडरनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळं त्याचा हात वर गेला नाही, पण विरोधही नोंदवला गेला नाही. रामरावांनी फकरोद्दीनकडं किल्ली मागितली. पुस्तक खाली ऑफिसच्या लोखंडी कपाटात गेलं. जुन्या पावत्या होत्या, त्यांच्या मागं.

त्या संध्याकाळी लेखकाचा फोन आला. कुणीतरी त्याला बैठकीत काय झालं ते कळवलं होतं.

"खरातबाई, तुम्ही माझ्या बाजूनं उभ्या राहिलात. मी विसरणार नाही."

"तुमच्या बाजूनं न्हाई राह्यले मी."

"तरी, एवढं धाडस कोण करतं? मी उद्या फेसबुकवर लिहितोय. तुमचं मत दोन ओळींत दिलं असतं तर..."

"पहिली तीस पानं चांगली होती, मास्तर. पुढं तुमाला गप बसता आलं न्हाई. हे लिहा."

त्यानं फोन ठेवला. पुढं त्यानं फेसबुकवर लिहिलं, पण त्यात बाईंचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालय उघडल्या उघडल्या बाई आत आल्या. पिशवीतून खोडरबर काढलं, कादंबऱ्यांच्या पहिल्या रॅकपाशी स्टूल ओढलं, आणि शेवटची पानं पुसायला बसल्या. रात्रभर त्यांना एकच दिसत होतं, की रामरावांच्या मोबाइलमध्ये आपलं अक्षर आहे. उद्या दुसरं पुस्तक निघेल, परवा तिसरं. बावीस वर्षांचे आकडे यांच्या हातात आयते पडलेत. पेन्सिल जुनी होती, कागद पिवळा पडला होता, आणि आकडे सहज निघत नव्हते. तिसऱ्या पुस्तकाचा कोपरा फाटला.

फकरोद्दीन टेबलामागून उठून आले. साठीच्या जवळचे, बारीक, कधी आवाज न चढवणारे. "मॅडम, हे बंद करा."

"माझे आकडे हायेत. मी पुसून राह्यले."

"आकडा तुमचा असंल. पान संस्थेचं हाय. फाटून राह्यलं."

"काल तुमी दाराशी उभे होते, फकरूभाई. एक शब्द न्हाई बोलले. किल्ली तेवढी दिली. आज पानाची काळजी कायले?"

"मी नोकर हाय. दोन वर्षं राहिलेत माझी. बोललो असतो तर आज हितं दुसरा माणूस बसला असता, आन् पुस्तक त्याच कपाटात असतं."

"म्हणून गप."

"म्हणून गप." त्यांनी बाईंच्या हातातलं पुस्तक घेतलं, फाटलेला कोपरा बोटानं सपाट केला. मग जे आतापर्यंत कधी बोलले नव्हते ते बोलले. "आन् तुमाला येवढा राग काहून आला, ते मला समजून न्हाई राह्यलं. ती 'चारी नंबर सात' दोन वर्षांत तिघांनी हातात घेतली. तिघांनी शेवटचं पान पाहिलं आन् परत ठिवली. बारा पैसे वाचून कोण नेतं? रामरावांनी काल कुलूप लावलं. दोन वर्षांपासून ती बंदच होती, मॅडम."

"मी कुणाला वाचू नका म्हणले न्हाई."

"म्हणायची गरजच न्हाई पडली." ते थांबले नाहीत. कदाचित कालचा दिवस त्यांच्याही छातीवर बसला होता. "दरसाल मला जागा करावी लागते. नवी पुस्तकं येतात, रॅक तेवढेच. जुनी काढायची म्हणलं की यादी करावी लागते. मी काय वाचलेला माणूस न्हाई. मी कसं ठरवणार? तुमची अंतिम बघायचो. पंचवीसच्या खाली दिसलं की काढायचो."

बाईंच्या हातातलं खोडरबर तसंच राहिलं. "काढायचो म्हंजी?"

"रद्दीत. मंडळाची मंजुरी असायची. रजिस्टर हाय."

"किती?"

"एकशे एकतीस."

बाई उभ्या राहिल्या. "मला विचारलं न्हाई कधी."

"विचारलं असतं तर काय म्हणल्या असत्या? तवा तुमी म्हणायच्या, असली पुस्तकं ठिवून घाण कायले करता. हितंच म्हणायच्या, ह्या टेबलापाशी. मला बराबर याद हाय."

ते खरं होतं. बाईंनाही आठवलं. त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तो समोरच्यावरच काढला. "बेइमान माणूस हायेत तुमी," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं तोंडावर मॅडम मॅडम, आन् मागून माझ्या नावानं पुस्तकं विकली."

फकरोद्दीननी रजिस्टर काढलं, त्यांच्यापुढं टेबलावर टाकलं आणि नमाजाची वेळ झाली म्हणून निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "नाव तुमचं कुठं लिहिलं न्हाई. बिलकुल न्हाई. तुमची इज्जत राखली."

बाई रजिस्टर वाचत बसल्या. अक्षर फकरोद्दीनचं, सुबक. अनुक्रमांक, नाव, लेखक, शेरा. निम्म्याहून जास्त पुस्तकांबद्दल त्यांना काहीच वाईट वाटलं नाही. ती गेली ते बरंच झालं, असं आजही वाटलं, आणि ते वाटतं याचा त्यांना आणखी राग आला. काही नावं आठवतच नव्हती. चौऱ्याण्णव नंबरला मात्र त्या थांबल्या. 'मस्टरावरचा अंगठा', कविता, दीपमाला साळवे. शेरा, लेखिकेकडून भेट, एकच प्रत.

त्यांना ते पुस्तक आठवलं. पातळ, जालन्यात छापलेलं, भडक निळं कव्हर. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बाईच्या कविता. विहारात मोठा कार्यक्रम झाला होता, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि बाईंचं डोकं फिरलं होतं. घरी येऊन त्यांनी निम्मं पुस्तक वाचलं. निवडणुकीच्या याद्यांचं काम अंगावर होतं. बाकीचं न वाचताच त्यांनी अंतिम लावली होती. अठरा. असं त्यांनी पिकाबाबत आयुष्यात कधी केलं नव्हतं. कमरेएवढ्या चिखलातून पलीकडच्या शिवारात जाऊन त्यांनी एका विधवेच्या कपाशीची बोंडं मोजली होती. आणि इथं घरात पंख्याखाली बसून चाळीस पानं वाचायची राहिली होती.

फकरोद्दीन परतले तेव्हा बाईंनी विचारलं, "ही बाई कुठं राहते?"

देणगीच्या वहीत नंबर होता. फकरोद्दीननी तो न बोलता चिठ्ठीवर लिहून दिला. बाईंनी चिठ्ठी घेतली, तीही न बोलता. त्यानंतर कितीतरी दिवस दोघांचं बोलणं पुस्तकाच्या नंबरापुरतंच राहिलं. ठरावाविरुद्ध बाईंनी जिल्ह्याला अर्ज केला, त्याची पोच मिळाली. 'चारी नंबर सात' कपाटातच आहे. जालन्यात मस्तगडच्या एका दुकानात ती आता बरी खपते, असं ऐकलं.

दीपमालाचं माहेर वडीगोद्री, सासर राजूर. गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं शिलाईचं दुकान होतं. बाई पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी वडीगोद्रीहून जालना आणि जालन्याहून भोकरदनच्या गाडीनं तिथं पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. दुकान म्हणजे एक गाळा, दोन मशिनी, दोरीवर लटकलेले ब्लाउज. दीपमाला पंचेचाळिशीची, केसांत पांढरं आलेलं, तोंडात टाचण्या धरून कापड कापत होती.

"जय भीम. मी बेबीनंदा खरात. वडीगोद्रीहून आले."

दीपमालानं टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "जय भीम. अठरा पैसे."

बाई उभ्याच राहिल्या. "तुला ठाऊक हाय?"

"पुस्तक दिल्यावर वर्षानं आल्ते मी वाचनालयात. माह्या पोरीला दाखवायचं होतं, आईचं पुस्तक कुठं ठिवलं ते. तिनंच शेवटचं पान उघडलं. मला म्हणली, आई, हे तुझे मार्क का?" तिनं कात्री उचलली. "बसा. उनातून आल्या. पाणी देते. पण कामाचं बोला, मला तीन ब्लाउज द्यायचेत आज."

बाई पाणी प्यायल्या. मग सरळ सांगितलं. पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं, तरी आकडा लावला. त्या आकड्यावरून ते रद्दीत गेलं. हे आठ दिवसांपूर्वी कळलं.

दीपमाला ऐकत होती आणि कापत होती. "मंग आता काय? माफी मागायला आल्या?"

"वाचायला आले. प्रत असंल तर विकत दे."

"विकत न्हाई. अकरा उरल्यात, त्या न्हाई विकत." कात्री थांबली. "तुमाला काय वाटतं, तुमच्या अठरा पैशांनी मी लिवणं सोडलं? न्हाई सोडलं. दोन वह्या भरल्यात. छापलं न्हाई फक्त. कुणाच्या हातात द्यायचं म्हणलं की पोरीचं ते बोलणं आठवायचं."

"मंग हितं बसून वाचते."

दीपमालानं कात्री खाली ठेवली. मग तिनं मशिनीखालची पत्र्याची पेटी ओढली, कापडाच्या चिंध्यांखालून निळं पुस्तक काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "खुर्ची तिकडं घ्या. गिऱ्हाइकाच्या वाटंत येतीय."

बाई कोपऱ्यात बसून वाचू लागल्या. मशीन चालू होतं. बायका येत होत्या, माप देत होत्या, देवळाकडून घंटा ऐकू येत होती. बाई पहिल्या पानापासून निघाल्या. सुरुवातीच्या काही कविता कच्च्या होत्या, त्यांना तेव्हाही तशाच वाटल्या होत्या. मग जिथं त्यांनी मागं सोडलं होतं ते पान आलं आणि गेलं. पुढं एक कविता होती. कामावरचा मुकादम खड्ड्याचं माप घेतो, पट्टी लावतो, खोली कमी भरली म्हणतो, आणि ती बाई मनात म्हणते, की तुझी पट्टी कोरड्या कडेला लागली, मी उभी आहे तिथं लाव. बाईंनी ती पुन्हा वाचली. मग पुस्तक मांडीवर उपडं ठेवून रस्त्याकडं बघत बसल्या. दीपमालानं मान वर केली नाही.

साडेतीनला पुस्तक संपलं. बाईंनी ते मशिनीच्या कडेला ठेवलं आणि पिशवी उचलली.

"मंग?" दीपमाला म्हणाली. "किती?"

"आकडा न्हाई सांगणार."

"का न्हाई? तवा कुणी विचारलं नसताना लावला. आज मी विचारून राह्यले तर न्हाई? तीन तास खुर्ची अडवली माही."

"पहिल्या दहा कविता कच्च्या हायेत," बाई म्हणाल्या. "त्या छापायच्याच न्हवत्या. शुद्धलेखन वाईट हाय. खड्ड्याच्या मापाची मला," त्या अडखळल्या, "ती मी पुन्हा वाचली. तिच्यापुढच्या पाच-सहा चांगल्या हायेत. शेवटची मला कळली न्हाई."

"कळली न्हाई म्हंजी?"

"बाई घरी का जात न्हाई, ते कळलं न्हाई. काम सुटलं, हजेरी झाली, मंग ती तिथं खड्ड्यात बसून कायले राहते?"

दीपमालानं मशीन थांबवलं. तिचा चेहरा तापला होता. "तलाठी होत्या ना तुमी? रोजगार हमीवर कधी दिवसभर राबल्या का? तिनं सबंध दिवस तो खड्डा खोदला. त्याच्यात सावली पडती. घरी तेवढी सावली तिला न्हाई. सोपं हाय."

"सोपं हाय तर कवितेत काहून न्हाई आलं? सावली शब्दच न्हाई तिच्यात."

"शब्द कशाला पाहिजे? ऊन उतरलं म्हणलंय ना."

"ऊन उतरल्यावर सावली कुठून राहणार? उलटं लिहिलं तू."

"उलटं न्हाई. बसा खाली." दीपमालानं पुस्तक ओढलं, शेवटची कविता उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा. मोठ्यानं वाचा. मागच्यासारखं निम्मं न्हाई, सगळं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि वाचलं. दुसऱ्या ओळीवर दोघींचं पुन्हा जुंपलं. ब्लाउज न्यायला आलेली एक बाई दाराशी उभी राहून आधी एकीकडं, मग दुसरीकडं बघू लागली. जालन्याची गाडी रस्त्यावरून हॉर्न देत गेली. बाईंनी मान वळवून गाडीकडं पाहिलं, आणि परत त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं तू चुकली."

"पुढची गाडी साडेपाचला हाय," दीपमाला म्हणाली. "चुकले का न्हाई, ते तवर दाखवते तुमाला."